डाव्या कानाची बारा मेंढरं

घोटावडे फाटा, नथूचं हॉटेल
एप्रिल १९६२

प्रिय अक्का,

हे पत्र मी अकरा दिवस लिहितोय आणि आज पहिली ओळ झाली. पहिल्या दिवशी कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी आणला, तर नथूनं त्यात एका गिऱ्हाइकाला भजी बांधून दिली. तिसऱ्या दिवशी पुण्याकडून एक लॉरी आली. ड्रायव्हर म्हणाला, “पौडापर्यंत येतोस का बोलायला? लई झोप येतीया.” मी बसलो. लॉरी पौडाला थांबलीच नाही. पार मुळशीच्या धरणापाशी सिमेंट उतरवलं, तिथं एक माणूस बासऱ्या विकत होता, एक घेतली, वाजवायला शिकलो, म्हणजे नुसती फुंकायला शिकलो, आणि परत येईपर्यंत आणखी दोन दिवस गेले. तुला माहीत आहे मी कसा आहे ते. तूच म्हणायचीस, धुळ्याला पाणी आणायला पाठवलं तर तो नदी कुठून येते ते बघायला जातो.

पण ह्या खेपेला नुसता उनाडपणा नव्हता, भीतीही होती. कारण पत्र आबाविषयी आहे.

हां, उठू नकोस. म्हणूनच तर लिहितोय. नाहीतर मारुंजी इथून तीन-चार कोस, पहाटे निघालो असतो तर न्याहारीला तुझ्याकडे पोचलो असतो. पण तुझ्यासमोर आबाचं नाव काढलं की तू उठतेस आणि चांगली पेटलेली चूल पुन्हा फुंकायला लागतेस. भाऊबीजेला मी तीनदा नाव काढलं आणि तीनदा तू डोळ्यांत धूर घालून घेतलास. पत्राचं बरं असतं. तू उठून गेलीस तरी ते तिथंच पडून राहतं. आणि तू परत येणारच, कारण अर्धं वाचलेलं टाकून देणं तुला शाळेतसुद्धा जमलं नाही.

तर ऐक. तुझी बारा मेंढरं सापडली.

तीच, आबानं विकून खाल्ली असं तू म्हणतेस ती. त्यातलं एकही मेलेलं नाही, एकही चोरीला गेलेलं नाही. ती तुझ्या दारात येणार की नाही हे मात्र आता आबाच्या हातात नाही आणि माझ्याही नाही, तुझ्या हातात आहे. कसं ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू मधलं वाचायची नाहीस, आणि सगळी मजा मधल्यात आहे.

तुझं लग्न झालं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, सगळं आठवतं. आपल्या घरची रीत, मुलीच्या बारशाला एक मेंढी तिच्या नावानं सोडायची. मुलीच्या आईनं आपल्या हातानं त्या मेंढीचा डावा कान कातरायचा. मग तिची पुढची सगळी पिल्लावळ डाव्या कानाची, बाकी कळप उजव्या कानाचा. मुलगी सासरी निघाली की तिची मेंढरं वरातीमागून चालणार. आईनं तुझ्यासाठी सोडलेली मोरी तू पाहिली आहेस. मी नाही. मला आईचाच चेहरा नीट आठवत नाही, मोरीचा कुठून आठवणार? पण मोरीच्या वंशाची ती बारा मेंढरं मला आठवतात, आणि मग एक दिवस ती कळपात नव्हती हेही आठवतं. आपण विचारलं तर आबा म्हणाला, “बांधून ठेवलीत.” आपण लहान होतो, खरं मानलं.

लग्नात मात्र तुझ्यामागं चालायला काहीच नव्हतं. तुळजाबाईंनी, म्हणजे तुझ्या सासूनं, भर मांडवात आबाला विचारलं, “का वो म्हसू, नवरी मोकळीच धाडताय व्हय? का मेंढरं मागनं मोटारीनं येणार?” माणसं हसली. तू आबाकडं बघितलंस. आबा पुन्हा तेवढंच म्हणाला, “बांधून ठेवलीत. येळ आली की येतील.” तू म्हणालीस, “मग येळ आल्यावरच माझ्या दारात ये.” आणि गेलीस. ह्याला पाच वर्षं झाली. तुला मुलगी झाली, तू तिचं नाव आईचं ठेवलंस, कोंडा. आबा एवढ्याशा अंतरावरून एकदाही तिला बघायला आला नाही. तुला वाटलं ताठा आहे. मलाही तसंच वाटलं. अक्का, ताठा नव्हता. तू त्याला वेळ आल्यावर ये म्हणालीस आणि तो वेळ मोजत बसला.

शिमग्याला मी घरी गेलो. घर म्हणजे, भैरूच्या शेतात. घोटावड्याला भैरूनं खतासाठी आबाची मेंढरं बसवून घेतली होती, चार पायली ज्वारीवर. मी सात-आठ महिने इकडंतिकडं होतो. गेल्या साली पुण्यात पूर आला तेव्हा चिखल उपसायला गेलो, तिथून विहिरी खोदणाऱ्या एका टोळीबरोबर, त्या टोळीत एक माणूस होता त्याला जमिनीला कान लावून पाणी ऐकू यायचं, म्हणजे तो तसं सांगायचा, सातांतल्या पाच विहिरी कोरड्या निघाल्या. असू दे ते. आबानं मला काही विचारलं नाही. भाकरी दिली. मेंढरं मोजून झाली, अजून चांगला उजेड होता, आणि त्यानं वेळूची नळी काढली.

ती नळी तुला आठवत असेल. घोड्यावर बिऱ्हाड लादताना सगळ्यांत शेवटी चढायची आणि सगळ्यांत आधी उतरायची ती. तू म्हणायचीस तिच्यात देव आहे, मी म्हणायचो साप आहे. रोज मेंढरं मोजली की आबा ती कानाशी धरून हलवायचा, मगच जेवायला बसायचा. नळीच्या गळ्यात एक सुतळी होती आणि सुतळीला गाठी. मला म्हणाला, “मोज.” मोजल्या, बारा. दर शिमग्याला एक मारलेली. मग त्यानं बूच काढून नळी माझ्या मांडीवर उपडी केली. आतून कागदांची गुंडाळी निघाली. बारा कागद, नक्षीचे, इंग्रजीत छापलेले. “बारा वर्सं झाली,” आबा म्हणाला, “आता वाच.”

अक्का, तू मला मेंढरांच्या काठीनं मातीत अक्षरं काढून शिकवलंस. पण इंग्रजीपर्यंत आपण पोचायच्या आत तुझं लग्न झालं. मी कागद सुलटा धरला, उलटा धरला, उजेडाकडं धरला. आबा माझ्या तोंडाकडं बघतोय. आणि मग मला दिसलं. प्रत्येक कागदाचा वरचा डावा कोपरा कातरलेला होता. दोन काप, मधे एक दात. आपल्या घरची खूण. ती वाचायला मला इंग्रजी लागलं नाही. आपल्या कळपात डावा कान एकाच माणसाचा होता.

मग आबा बोलला. सलग एवढा बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. तू दहा वर्षांची असशील, मी आठ. आदल्या साली मेंढरांवर देवी आल्या आणि अर्धा कळप गेला. डाव्या कानाची बारा तेवढी वाचली. पण आबाला चैन पडेना. आईनं सोडलेला तो एवढाच वंश, उद्या ह्यातच रोग शिरला तर लेकीला काय देणार? त्याच दिवसांत पौडाच्या बाजारात अल्पबचतीचे एक साहेब आले होते. खोक्यावर उभं राहून सांगत होते, सरकारकडं दहा रुपये ठेवा आणि बारा वर्षांनी पंधरा न्या, शंभर ठेवा आणि दीडशे न्या. गर्दीतून आबानं विचारलं, “म्हंजी सरकार अर्धलीनं घेतंय व्हय?” साहेबांना अर्धल माहीत नव्हती. आबानं त्यांना समजावलं, मेंढी तुमची, चारनार मी, पिल्लं निम्मी निम्मी. साहेब जरा विचार करून म्हणाले, “साधारण तसंच धरा.”

“आन रोग आला तर?”

“ह्याला रोग नाही.”

“लांडगा?”

“लांडगाही नाही.”

“मग एका मेंढीला एक कागद द्या.”

आबानं बाराही त्याच बाजारात विकली. रोगाच्या सालात दर पडलेला होता. एका मेंढीला दहा रुपये, बारा मेंढ्यांचे एकशेवीस. साहेब म्हणाले, शंभराचा एक आणि दहाचे दोन, तीन कागदांत काम होतंय. आबा म्हणाला, “बारा जनावरं तीन दाव्यांना बांधायची व्हय?” बाजार हसला, साहेबही हसले, आणि दहा दहाची बारा सर्टिफिकिटं लिहिली गेली. सगळी तुझ्या नावावर. तू लहान, म्हणून आबा पालक. साहेबांनी बजावून सांगितलं की मधेच मोडू नका, पहिल्या वर्षांत वाढ फार थोडी असते, खरी वाढ शेवटाला. आबाला ते लगेच पटलं. पहिलारू मेंढीला दूध थोडंच असतं म्हणाला. म्हणून तर लग्नातसुद्धा त्यानं तोंड उघडलं नाही. तेव्हा सातच गाठी झाल्या होत्या. कागद आहेत म्हटलं असतं तर मांडवातल्या चार शहाण्यांनी ते त्याच आठवड्यात मोडायला लावले असते. “गाभन मेंढी बाजारात काढत न्हाईत,” मला म्हणाला.

पण चूक घरी आल्यावर झाली. कागदावर लेकीचं नाव आहे असं साहेबांनी सांगितलं होतं. आबाला वाचता येत नाही. दुसऱ्यानं लिहिलेल्या नावावर त्याचा जीव कसा ठरावा? त्यानं लोकर कातरायची कातर काढली आणि बाराही कागदांचे डावे कान कातरले. “आता धा कळपांत मिसळली तरी वळखू येतील,” असं तो मला सांगत होता, आणि सांगताना इतका खूश होता की मी नुसती मान हलवली आणि कागद पुन्हा नळीत घातले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पौडाच्या पोस्टात गेलो. रस्त्यानं एक गंमत झाली, आपल्या घोड्यानं भुकूमच्या एका माणसाची टोपी, नको, ती पुढच्या पत्रात. पोस्टमास्तर पुण्याचे, चष्मेवाले, बोलायला सरळ. त्यांनी कागद बघितले आणि विचारलं, “हे काय, उंदरानं खाल्लं?”

“उंदीर कशाला खाईल? म्या कातरलंय.”

“सरकारी कागद कातरलात?”

“मग खूण कशी करायची?” आबानं इतक्या साधेपणानं विचारलं की मास्तर उठले, पाणी पिऊन आले. मग समजावून म्हणाले की कापलेला कागद असा हातोहात वटवता येत नाही. अर्ज करायचा, वर पुण्याला लिहायचं, तिथं नंबर ताडून बघतील आणि काय ते ठरवतील. आबाच्या तोंडावरचा रंगच गेला, अक्का. मी त्याला वादळात बघितलाय, लांडग्यापुढं बघितलाय, असा कधी बघितला नाही. हळू म्हणाला, “बारा वर्सं राखली. आन म्याच मारली व्हय?”

मास्तरांनी एका कागदाच्या कापावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “कातरलेले तुकडे आहेत का? तुकडे जुळले तर लिहायला बळ येईल.”

आबानं कधी कानाचा तुकडा वाऱ्यावर टाकलाय? तो बिरोबाच्या भंडाऱ्यातच जातो. कमरेची पिशवी सोडली आणि मास्तरांच्या टेबलावर बारा कोपरे मांडले, हळदीनं पिवळेजर्द. मास्तरांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक कोपरा एकेका कागदाला लावून बघायला लागले. सात जुळले, आठवा जुळला, आणि मास्तरांना शिंक आली. एवढ्या भंडाऱ्यावर वाकल्यावर येणारच. अशी शिंक मी आयुष्यात ऐकली नव्हती. बाराही कोपरे उडाले! मग पोस्टमन, मनिऑर्डरीला आलेली एक बाई, मी आणि स्वतः मास्तर, सगळे जमिनीवर रांगतोय, आणि आबा मधोमध उभा राहून कळपाला घालतात तशी शीळ घालतोय. मुद्दाम नाही हं, सवयीनं. एक कोपरा त्या बाईच्या पिशवीत सापडला. बाराच्या बारा जुळले.

मास्तर अर्ज लिहीत होते तेव्हा आबानं एक गोष्ट विचारली. ती त्याच्या मनात बारा वर्षं होती, हे मला तेव्हा कळलं. “सायेब, ह्याची चराई किती देनं लागतंय?” मास्तरांना कळेना. आबा म्हणाला, “रानात मेंढरं घातली की मेंढीमागं चराई द्यावी लागती. बाजारात नेली की बाजारपट्टी. पुन्याच्या नाक्यावर जकात. ही बारा जनावरं बारा वर्सं सरकारच्या रानात चरली, त्याचं काय?” आणि कमरेची दुसरी गाठ सोडून टेबलावर नाणी ओतली. दर साली एक अधेली आणि एक पावली, म्हणजे कागदामागं एक आणा. बारा वर्षांचे नऊ रुपये. सरकार मागेल त्या दिवशी कमी पडू नये म्हणून त्यानं बाजूला टाकले होते, अक्का, आणि ह्याच बारा वर्षांत त्यानं स्वतःला एक नवी वहाण घेतली नाही.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “ह्या व्याजावर कर नाही.”

“अजाबात न्हाई?”

“अजिबात नाही. तुमच्या कमाईला इन्कम टॅक्स तसाही लागत नाही. पण पुण्याच्या मोठ्या शेटजींनी हीच सर्टिफिकिटं घेतली तरी त्यांनाही ह्या व्याजावर लागत नाही. दहाचे पंधरा, पंधरा म्हणजे पंधराच.”

“म्हंजी शेटजी आन मी एकाच रानात?”

“एकाच रानात. चराई माफ.”

“मग हे नऊ रुपय कुनाचं?”

“तुमचेच.”

आबा त्या नाण्यांकडं असा बघत होता, जसं हरवलेलं कोकरू आपण होऊन परत आलंय. मग त्यानं ती पुन्हा कमरेला बांधली आणि “बघू,” एवढंच म्हणाला. येताना मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, “आबा, एकशेवीसचे एकशेऐंशी झाले. पण बारा मेंढ्या तशाच ठेवल्या असत्या तर आतापर्यंत शंभर झाल्या असत्या.” तो म्हणाला, “आन देवी आल्या असत्या तर एकबी न्हाई. तुला शंभर दिसत्यात. मला तवा एकबी न्हाई दिसत हुतं.” पुढं थोडं चालून म्हणाला, आजच्या दरानं एकशेऐंशीला सातच येतील. उरलेली पाच तो आपल्या कळपातली देणार, उजव्या कानाची, त्यांचे डावे कानही कातरून. दोन्ही कान कातरलेली पाच मेंढरं अख्ख्या मुळशीत कुणी बघितली नसतील. मी हसलो तर काठी उगारली, आणि मग तोही हसला.

आता शेवट. दोन आठवड्यांनी पुण्याहून उत्तर आलं. मास्तरांनी उभ्यानं वाचून दाखवलं, नंबर जुळले, तुकडे मान्य, कागद मान्य. पण मुलगी आता सज्ञान आहे, म्हणून पैसे बापाला नाही, तिलाच. तिनं स्वतः यायचं, ओळखीचं माणूस आणायचं, सही करायची. आणि आणखी एक, बारा वर्षं झाली की ह्या कागदांची वाढ थांबते, ठेवून काही उपयोग नाही. “म्हातारी झाली म्हना की,” आबा म्हणाला. बाहेर येऊन मला म्हणाला, “तिला लिही. येळ आली म्हनावं. येती का इचार.” म्हणजे सगळं असं तुझ्या एका सहीवर येऊन थांबलं. आणि त्यानं ते काम कुणाला सांगितलं, तर मला. मी त्याच दिवशी लिहायला हवं होतं. कागद, भजी, लॉरी, बासरी, हे सगळं खरं आहे. पण खरं कारण असं की तू नाही म्हणालीस तर ते त्याला माझ्याच तोंडानं ऐकवावं लागणार होतं. लॉरीचे दिवस सोडले तर रोज संध्याकाळी भाकरीला गेलो की तो विचारायचा, “गेलं का पत्र?” आणि मी म्हणायचो, गेलं. अकरा दिवस. परवा भैरूनं सांगितलं की आबा दुपारचा बांधावर उभा राहून पोस्टमनची सायकल बघत असतो. म्हणून आज सकाळी उठून बसलो आणि भजी तळायलाही नाही म्हटलं. अक्का, ये. भिवाजीदाजींना घेऊन ये, कोंडाला घेऊन ये, आणि

थांब, नथू ओरडतोय. “धुळ्या, भाईर बघ कोन आलंय!”

अक्का, आबा आलाय! डांबरी सडक ओलांडायची म्हटलं तरी तोंड वाकडं करणारा आबा फाट्यावर, एकटा, धुतलेला पटका बांधून, काखेत एक कोकरू. माझ्याकडं बघून म्हणाला, “अकरा दिस झालं. लेक लिहीत न्हाई. म्हंजी येळ आली तरी बोलवत न्हाई. मग म्हनलं न बोलावताच जावं. लई तर दार लावंल.” माझ्यानं खोटं बोलवेना. मी हे कागद दाखवले. त्यानं कागदांकडं बघितलं, बासरीकडं बघितलं. “म्हंजी तिनं अजून वाचलंच न्हाई?” न्हाई, म्हटलं. “म्हंजी न्हाई म्हनलीच न्हाई ती?” न्हाई. “गाढवा!” म्हणाला आणि इतका हसला, इतका हसला की नथूनं चहा फुकट दिला. आता माझ्यासमोर बसून बशीनं चहा पितोय आणि कोकरू कांद्याची सालं खातंय. पत्र पोस्टात टाकायचं नाही म्हणाला, “तुझ्या हातनं अजून अकरा दिस लागतील. मीच देतो.” कोकराचे दोन्ही कान शाबूत आहेत. नातीच्या बारशाची मेंढी दोन वर्षं द्यायची राहिली, आणि कान पोरीच्या आईनं कातरायचा असतो, म्हणून कातर त्यानं सोबत घेतलीय. चराईच्या नऊ रुपयांचे कोंडासाठी चांदीचे वाळे केलेत. ते भंडाऱ्याच्या पिशवीत आहेत, पिवळे झाले असतील, पुसून घाल. तर अक्का, हे पत्र ज्यानं आत्ता तुझ्या हातात दिलं तो तुझ्या दारात उभा आहे. तू बोलावल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायचा नाही. त्याला वाचता येत नाही, तू कुठल्या ओळीवर आलीस हे त्याला कळत नाही, तो फक्त तुझ्या तोंडाकडं बघतोय. पत्र लांबलं, चूक माझी. बाहेर ऊन आहे. आता वर बघ.

तुझाच, अकरा दिवस उशिराचा,
धुळा